देवस्थळींचं कुलूप आणि जैतूनमावशींचं नाव

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, “दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा. तुमच्या क्षेत्रातले गमतीदार अनुभव.” गमतीदार अनुभव आहेत माझ्याकडे, एक-दोन सांगतेही. पण आधीच बजावते, गेले काही महिने मी संतापलेली आहे आणि हा लेख तो संताप उतरायच्या आत लिहायला बसले आहे. ज्यांना हलकंफुलकंच हवं असेल त्यांनी सरळ पानं उलटून पाककृतींकडे जावं.

माझं काम कुलपं फोडण्याचं. आमच्या लोणावळ्याच्या गल्लीत हे एकदा बोलून गेले, तर समोरच्या वहिनी आठवडाभर माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. ही कुलपं लोखंडाची नव्हेत, आकड्यांची. बँकेचं कार्ड, फोनवरचे निरोप, संगणकावरची सही, या सगळ्यांवर आकड्यांची कुलपं असतात. ती बनवणाऱ्या कंपन्या आमच्यासारख्यांना बोलावतात आणि म्हणतात, फोडून दाखवा. फुटलं तर ते नाराज, नाही फुटलं तर मी नाराज. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हे बरीच वर्षं केलं. निवृत्तीनंतर घरूनच करते, जिन्याखालच्या खोलीत. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, म्हणून त्या खोलीत संगणकाशेजारी एक बल्ब कायम पेटता असतो. घरचे त्याला माझा देव्हारा म्हणतात.

चमत्कारिक गिऱ्हाइकं पुष्कळ. अधूनमधून एखाद्या गृहस्थांचा हमखास फोन येतो, “मॅडम, मिसेसचा फोन उघडून द्याल का?” त्यांना मी सांगते, मिसेसना विचारा, ती पद्धत जास्त जलद आहे.

आता धंद्याची माहिती, थोडक्यात. एक वक्र घ्यायचा. शाळेत आलेखाच्या कागदावर काढायचो तसा, एखाद्या समीकरणाचा. त्याच्यावरच्या बिंदूंची एक खास बेरीज असते, दोन बिंदू दिले की तिसरा मिळतो. सुरुवातीचा एक बिंदू सगळ्यांना ठाऊक असतो. तो स्वतःतच पुन्हा पुन्हा मिळवत गेलं की माणूस त्या वक्रावर भलत्याच ठिकाणी जाऊन पोचतो. किती वेळा मिळवला, तो तुमचा गुप्त आकडा. जिथे पोचलात तो बिंदू जाहीर, तो खुशाल दारावर लिहून ठेवा. कारण नुसता तो बिंदू बघून “किती वेळा?” हे सांगणं महाकठीण असतं. या “किती वेळा”ला आम्ही डिस्क्रीट लॉगरिदम म्हणतो, आणि माझा सगळा जन्म त्याच्या मागे गेला.

तो शोधायचा कसा? एक रीत अशी, की वक्रावर दोन वाटसरू सोडून द्यायचे. पुढची उडी कुठे मारायची, हे प्रत्येक वाटसरू आत्ता कुठे उभा आहे एवढ्यावरूनच ठरतं. त्यामुळे दोघं एकदा का एकाच बिंदूवर आले, की तिथून पुढे कायम बरोबर चालतात. त्यांची भेट झाली की दोघांच्या वाटांच्या हिशेबातून गुप्त आकडा निघतो. वक्र चांगला असेल तर ही भेट आपल्या हयातीत होत नाही. वाईट असेल तर गोष्ट वेगळी. पुण्यातल्या एका कंपनीनं स्वतः निवडलेला वक्र मला मोठ्या कौतुकानं दाखवला. मी बघितलं, तर वक्रावर जितके बिंदू, नेमके तितकेच आकडे त्यांनी गणितासाठी घेतलेले. असा योग जुळला की सगळं कोडं साध्या भागाकारावर येतं. साहेबांनी चहा सांगितला होता. चहा यायच्या आत मी त्यांचा गुप्त आकडा फळ्यावर लिहिला. मग कुणी चहा घेतला नाही. मी घेतला.

इथवर गंमत. आता देवस्थळी.

नवलाख उंबऱ्याजवळच्या कारखान्यांच्या वसाहतीत एक कंपनी दारांची कुलपं बनवते. पवनेच्या पाण्याकाठी पर्यटकांना भाड्यानं देतात ते बंगले आहेत ना, त्यांना बहुतेक यांचीच कुलपं. किल्लीच्या जागी पेढ्याएवढी काळी चकती असते. ती जवळ नेली की दार उघडतं. प्रत्येक चकतीच्या पोटात तिचा गुप्त आकडा असतो, त्यावरून ती कुलपाला सही करून देते, आणि कुणाच्या चकतीनं दार कधी उघडलं हे पुण्या-मुंबईत बसलेल्या बंगलेवाल्याला फोनवर दिसतं. देवस्थळी या कंपनीचे मालक. वय चाळिशीचं, बोलायला फर्डे. त्यांचा फोन आला, “मॅडम, एक छोटासा दाखला हवाय. आमचं कुलूप गणितानं अभेद्य आहे, बस, एवढंच.”

“तपासायला वेळ लागेल,” मी म्हणाले.

“सही करायला लागतो तेवढाच ना?” ते हसत म्हणाले.

मी त्यांच्या कचेरीत गेले आणि वक्र दाखवा म्हणाले. वक्राची गुंतागुंत सांगणारा एक आकडा असतो, त्याला जीनस म्हणतात. जगभर जीनस एकचे वक्र वापरतात. यांचा होता आठ.

“सगळं जग सरळ रस्त्यानं जातं, आपण घाटातून जातो,” देवस्थळी म्हणाले. “जितकं गुंतागुंतीचं, तितकं फोडायला अवघड. साधं लॉजिक आहे.”

“कुणाची कल्पना?”

“माझीच.”

ही चूक गणित थोडंसं येणाराच करू शकतो. जीनस एक असेल तर बेरीज एकेका बिंदूची होते. जीनस आठ असेल तर आठ-आठ बिंदूंच्या पुडीची होते. आणि पुड्या आल्या की माझं फावतं. वाण्याच्या दुकानाची कल्पना करा. सुपारी, खारीक, बदाम, हळकुंड अशा ठरावीक वस्तू, पण एका नगाचं वजन ठाऊक नाही. बांधलेल्या पुडीत काय काय आहे आणि तिचं एकूण वजन किती, एवढं मात्र कळतं. अशा पुरेशा पुड्या जमवल्या की शाळेतल्या एकसामयिक समीकरणांनी प्रत्येक नगाचं वजन काढता येतं. मग नवी कुठलीही पुडी पुढे आली, की ती उलगडून बघायची आणि बेरीज करायची, तराजू लागत नाही. इथे वजन म्हणजे आपला तो “किती वेळा”. त्यातून देवस्थळींनी स्वस्त चिपवर सगळं भराभर चालावं म्हणून आकड्यांचा साठा लहान ठेवला होता. म्हणजे दुकानात वस्तूही कमी, आणि पुड्याही कमी लागणार. ही युक्ती माझी नाही. ती कित्येक वर्षं छापील आहे, कुणालाही वाचता येते. यांनी वाचली नव्हती आणि तरी कुलूप विकत होते, याचा मला पहिला राग आला.

“दाखला कशासाठी हवाय?” मी विचारलं.

“पोलिसांना द्यायचाय. एका कामवाल्या बाईचं प्रकरण आहे.”

प्रकरण असं होतं. पवनानगरच्या जैतून मुलाणी तिथल्या चार-पाच बंगल्यांची साफसफाई करायच्या. एका बंगल्यातून दुपारच्या वेळी पाहुण्यांचा महागडा कॅमेरा गेला. त्या वेळी दार जैतूनबाईंच्या चकतीनं उघडलं, असं कुलूप सांगत होतं. बाई म्हणत होत्या, मी तेव्हा कामशेतला बहिणीकडे होते.

“म्हणजे एक तर ती खोटं बोलतेय, नाहीतर चकती तिनं कुणाला तरी दिली,” देवस्थळी म्हणाले. “गणित तर खोटं बोलत नाही ना?”

“गणित खोटं बोलत नाही,” मी म्हणाले, “पण ते तुमच्या बाजूनं बोलतंय हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

त्यांना तो विनोद वाटला. मी विनोद केला नव्हता.

घरी येऊन संगणकाला पुड्या गोळा करायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी कामशेतला उतरून पवनानगरची जीप धरली. कुलूप फोडायच्या आधी ते वापरणाऱ्या माणसाला भेटावं, ही माझी जुनी पद्धत आहे. बाजाराच्या मागे दोन खोल्यांचं घर. माझ्याच वयाच्या एक बाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“पोलिसांकडून आलाय का?”

“नाही. मी गणिताची आहे.”

“मंग बसा. पोलिसान्ला उभंच ऱ्हायाला आवडतं.”

सगळा गाव त्यांना मावशी म्हणत होता, मीही म्हणाले. चकती कुठे ठेवायचात, विचारलं. त्यांनी गळ्यातला ताईत पुढे ओढून दाखवला. “ह्या दोऱ्यात. ताईत आन चकती संगंच. न्हानीत जातानाच काय ती काढायची. त्या दिशी भाचीची हळद व्हती कामशेतला. ह्ये बघा फोटू.”

फोटोत हळदीनं माखलेली भाची, शेजारी मावशी, आणि मावशींच्या गळ्यात ताइताखाली काळी चकती स्वच्छ दिसत होती. ती बघून देवस्थळी म्हणाले होते म्हणे, काळी चकती काय, कोटाचं बटणही असू शकतं.

“मला जीपमदनं खाली उतरवलं, बाई,” मावशी म्हणाल्या. “कामाव निगालते. जीप भरलीवती, सुटायलाच झालती. ह्यो कुलपाचा सायेब आन बंगल्याचा मालक गाडीतनं उतरलं. ह्यो म्हनला, उतर खाली, चोर हाईस तू. दोऱ्यातनं चकती काडून घेतली. सगळ्यांम्होरं.”

त्यांनी तांदळातला एक खडा वेचून बाहेर फेकला.

“मी लोकांच्या घरात एकली असते. कपाटं उगडी, पाकिटं उशाखाली. मला कुनी बगाय लागत न्हाई, म्हनून तर बोलावत्यात. आता कोन घरात घेईल मला?”

खरंच कुणी घेत नव्हतं. एकेका बंगल्यानं निरोप धाडून त्यांचं काम बंद केलं होतं. माणसाचा शब्द, बहिणीचा शब्द, हळदीचे फोटो, हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एका फर्ड्या माणसानं न वाचता केलेलं गणित. आणि सगळ्यांनी निमूट दुसरी बाजू धरली, कारण तिच्यावर संगणकाचं नाव होतं. मी आयुष्यभर ज्या विषयावर प्रेम केलं, त्याचा असा सोटा करून कुणाच्या तरी पाठीत घातलेला बघणं मला सहन होत नव्हतं.

काही दिवसांत संगणकानं पुरेशा पुड्या जमवल्या, समीकरणं सोडवली, आणि सगळ्या वस्तूंची वजनं माझ्या हाती आली. मावशींच्या चकतीचा जाहीर बिंदू कुलूप कुणाच्याही फोनला सांगत होतं, कारण जाहीरच तो. त्यावरून गुप्त आकडा काढला. पडताळून पाहिला, बरोबर. मग शेजारच्या बंगल्याचा. मग सगळ्यांचे. वजनं एकदा कळली की पुढच्या चकतीला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. पवनेकाठचं प्रत्येक दार माझ्या जिन्याखाली उघडं पडलं होतं. जे मी केलं ते एखाद्या हुशार पाहुण्यालाही करता आलं असतं. कुणी केलं ते मला आजही ठाऊक नाही.

देवस्थळींच्या कचेरीच्या दारालाही त्यांचंच कुलूप होतं. मी जाताना घरातला स्टीलचा डबा घेऊन गेले. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “तुमची चकती यात टाका. झाकण तुम्हीच लावा.”

“जादूचे प्रयोग का, मॅडम?” त्यांनी हसत हसत झाकण लावलं.

मी माझा फोन काढला, त्यात त्यांच्या चकतीचा गुप्त आकडा आधीच भरला होता, आणि तो कुलपाजवळ नेला. दार खट् करून उघडलं. देवस्थळींचा फोन वाजला. त्यावर आलं होतं, की देवस्थळी यांनी दार उघडलं.

“तुम्ही खुर्चीवरून उठलात का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग चकती कुणाला दिलीत?”

त्यांनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं, चकती आतच होती. नंतर त्यांनी जे वाक्य उच्चारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते म्हणाले, “हे सगळं थिअरेटिकल आहे.” दार उघडं होतं. बाहेरचा शिपाई आत डोकावून बघत होता.

पुढचा तासभर त्यांनी माझ्या अहवालाची भाषा सुधारण्यात घालवला. “त्रुटी” नको, “सुधारणेस वाव” म्हणा. बाईंचं नाव नको, उगाच कशाला. शेवटी म्हणाले, “एका कामवालीसाठी तुम्ही माझी कंपनी बुडवणार?” मी डबा उचलून असा आपटला की त्याला पोचा आला. तो पोचा अजून आहे, त्या डब्यात आम्ही रवा ठेवतो. अहवाल मी होता तसाच पोलिसांना दिला.

पोलिसांनी प्रकरण मिटवलं. मी उत्साहानं पवनानगरला गेले. मावशींच्या ओसरीवर बंगल्यांची कामं करणाऱ्या पाच-सहा बायका जमल्या होत्या, त्यातली एक वरच्या वाडीवरची चांगुणा.

“मी चोरी केली न्हाई, आसं लिवलंय का त्येंनी?” मावशींनी विचारलं.

“तसं नाही. पुरावा पुरेसा नाही, असं लिहिलंय.”

“ह्ये तर खऱ्या चोराला बी म्हनत्यात की!”

चांगुणा पुढे सरकली. “ताई, म्हंजी माझ्या नावानं बी कुनी दार उगडंल?”

“उघडेल.”

“आन मी हितं वाडीव असताना तितं चोर ठरंन?”

“ठरशील.”

तिनं गळ्यातली चकती काढली आणि मावशींच्या तांदळाच्या रिकाम्या परातीत टाकली. मग दुसरीनं टाकली. शुक्रवारपर्यंत त्या पट्ट्यातल्या जवळजवळ सगळ्या चकत्या परातीत येऊन पडल्या. बायका म्हणाल्या, या आम्ही हातात धरणार नाही, उद्या आमचं नाव निघेल. शनिवारी पाहुणे आले, तर बंगले धूळ खात पडलेले, चादरी न बदललेल्या. बंगलेवाल्यांनी देवस्थळींचा फोन तापवला. माझ्या अहवालानं जे झालं नाही ते त्या परातीनं केलं.

देवस्थळींनी धावपळ करून कुलपांमधला वक्र बदलला आणि नव्या चकत्या बनवून घेतल्या. या वेळी जगन्मान्य, जीनस एकचा. मी स्वतः तपासला, चांगला होता. माहितीपत्रकावर “अभेद्य” हा शब्द मात्र पहिल्या दिवसापासून आहे तसाच आहे. जुन्या कुलपांच्या गिऱ्हाइकांना त्यांनी “अपग्रेड” झाल्याचं कळवलं, चूक झाल्याचं मात्र एका शब्दानंही कळवलं नाही. माझ्या संतापाचं खरं कारण हे आहे. चूक सगळ्यांची होते. पण ती ज्याच्या डोक्यावर फोडली, त्याच्याकडून ती परत उचलून घ्यायला ही माणसं तयार नसतात.

नव्या चकत्या घ्यायला बायका तयार होत्या. अट एकच होती. चोर म्हणाला तिथे येऊन, चोर नाही म्हणायचं.

ते आले. सकाळची वेळ, जीपच्या थांब्यावर बाजाराला निघालेली माणसं. कामावर निघालेल्या बायकांनी जीप भरली होती. मावशी खाली उभ्या होत्या, हातात जुन्या चकत्यांची परात. मीही होते. देवस्थळी गाडीतून उतरले आणि घड्याळाकडे बघत इंग्रजीतून भराभर बोलू लागले. तांत्रिक अडचण, गैरसोय, खेद, असं काहीतरी. जीपचं इंजिन चालूच होतं. लोक एकमेकांना विचारू लागले, काय म्हणतोय?

मावशींनी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्यानं इंजिन बंद केलं.

“सायेब, मराठीत सांगा,” मावशी म्हणाल्या. “चोर म्हनला तवा मराठीतच म्हनला व्हता.”

देवस्थळींनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपच्या टपाकडे बघत होते.

“जैतूनबाईंनी चोरी केली नव्हती,” ते म्हणाले.

“आवाज न्हाई आला,” चांगुणा जीपमधून म्हणाली. “तवा पार मासळीवाल्यांपत्तुर ऐकू गेलतं.”

“जैतूनबाईंनी चोरी केली नव्हती!” देवस्थळी ओरडले. मासळीवाल्या बायकांनी माना वळवल्या. “चूक आमच्या कुलपाची होती. माझी होती.”

मावशींनी परात त्यांच्या हातात दिली. देवस्थळींच्या माणसानं पुढे केलेली, आपल्या जुन्याच बंगल्यांची नवी चकती घेतली, ताइताच्या दोऱ्यात ओवली आणि गाठ मारून दातानं ओढून पक्की केली. मग जीपच्या दांड्याला धरून वर चढल्या.

“चल रं भाऊ,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. “त्या दिशी कामाव जाताना मदीच उतरवलं व्हतं. सोड आता तितं.”

जीप आधीच भरलेली होती. बायकांनी सरकून त्यांना जागा केली.